तिघांतले दोघे नापास: अमेरिकेच्या सीमा दलाच्या भरतीतली पॉलीग्राफ चाचणी

खुर्ची साधीच दिसते. बसायच्या जागी एक पातळ गादी असते आणि जरा हललं तरी ती नोंद घेते. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा दोन नळ्या बांधलेल्या, श्वास मोजायला. दोन बोटांना लहान पट्ट्या, घाम मोजायला. दंडाला डॉक्टरांकडे असतो तसाच रक्तदाबाचा पट्टा असतो, पण तो अर्ध्या मिनिटात सैल होत नाही. प्रश्नांची एक फेरी संपेपर्यंत तो फुगलेलाच राहतो आणि काही मिनिटांत हाताला मुंग्या यायला लागतात. नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची. परीक्षक सांगतो, हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. दोन प्रश्नांच्या मध्ये वीस-पंचवीस सेकंद शांतता असते. या चाचणीबद्दल वाचताना मला सगळ्यांत जास्त खुपली ती ही शांतता, कारण माणूस त्यातच स्वतःशी बोलायला लागतो.

या खुर्चीत बसलेला माणूस आरोपी नाही, नोकरीचा उमेदवार आहे. आपल्याकडे पोलीस भरतीची मुलं १६०० मीटरच्या धावण्याला घाबरतात, थोडक्या सेकंदांनी गुण हुकले तर मैदानातच डोळे पुसतात. पण तिथे निदान घड्याळ सगळ्यांना दिसतं. या खुर्चीतून उठलेल्या उमेदवाराला आपण नेमके कुठे कमी पडलो हे कधीच कळत नाही. म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर पाहायचं ठरवलं: अमेरिकेचं ‘कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन’, म्हणजे सीबीपी, आणि २०१० नंतर तिच्या भरतीत सक्तीची झालेली पॉलीग्राफ चाचणी.

कायदा कशातून आला

सीबीपी २००३ मध्ये उभी राहिली. बंदरं, विमानतळ आणि सीमेवरच्या नाक्यांवर बसणारे निळ्या गणवेशातले अधिकारी तिचेच आणि नाक्यांच्या मधल्या वाळवंटात, नदीकाठी गस्त घालणारे हिरव्या गणवेशातले बॉर्डर पेट्रोलचे जवानही तिचेच. २००४ मध्ये बॉर्डर पेट्रोलचे जवान अकरा हजारांच्या आत होते. २०११ पर्यंत ते एकवीस हजारांवर गेले. सात वर्षांत दल दुप्पट. इतक्या वेगाने माणसं भरली की चाळण ढिली पडते, हे भरतीचं काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांनी हा वेग बरोबर हेरला. आत असलेल्या माणसाला विकत घेण्यापेक्षा आपलाच माणूस भरतीतून आत घुसवणं त्यांना स्वस्त पडत होतं. टेक्सासमधल्या एल पासोच्या नाक्यावरची एक महिला निरीक्षक आपल्या रांगेतून गांजाने भरलेल्या गाड्या सोडत राहिली. २००८ मध्ये तिला २० वर्षांची शिक्षा झाली. नाक्यावर एका अधिकाऱ्याच्या हाताखाली एकच रांग असते आणि कुठली गाडी थांबवायची, कुठली सोडायची हे त्या क्षणी तोच ठरवतो. तो एक माणूस फुटला की कुंपणाच्या लांबीला काही अर्थ राहत नाही.

मार्च २०१० मध्ये आर्कान्सॉचे सिनेटर मार्क प्रायर यांनी या विषयावर सुनावणी घेतली. दलाच्या अंतर्गत चौकशी विभागाचे प्रमुख जेम्स टॉमशेक यांनी तिथे साक्ष दिली. पॉलीग्राफला बसवलेल्या उमेदवारांपैकी सुमारे ६० टक्के अपात्र ठरतात, आणि चाचणी मात्र मोजक्याच उमेदवारांची होते, असं चित्र त्यांनी मांडलं. ऐकणाऱ्यांच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला असणार: ज्यांची चाचणीच झाली नाही, त्यांच्यातले किती जण आज गणवेशात आहेत?

त्यातून ‘अँटी-बॉर्डर करप्शन ॲक्ट’ आला. ४ जानेवारी २०११ रोजी तो लागू झाला. कायद्याच्या सुरुवातीलाच आकडे नोंदवले आहेत: २००३ पासून भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली १२९ अधिकारी-कर्मचारी अटकेत, एकट्या २००९ मध्ये गैरवर्तनाच्या ५७६ चौकश्या सुरू, आणि २००९ मध्ये पॉलीग्राफ झालेले उमेदवार १५ टक्क्यांहून कमी. म्हणून हुकूम असा की दोन वर्षांच्या आत गणवेशातल्या पदासाठी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची पॉलीग्राफ झाली पाहिजे.

याच कायद्यातली दुसरी तरतूद मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल नंतर फारसं कुणी बोललं नाही. नोकरीत असलेल्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी पार्श्वभूमी पुन्हा तपासायची असा दलाचा नियम होता. मार्च २०१० मध्ये अशा सुमारे दहा हजार तपासण्या तुंबलेल्या होत्या आणि वर्षअखेर तो आकडा एकोणीस हजारांवर जाईल असा अंदाज होता. कायद्याने त्या सगळ्या १८० दिवसांत सुरू करायला सांगितल्या. बँक खाती पाहणं, शेजाऱ्यांना विचारणं, पगार आणि राहणीमान ताडून पाहणं: कंटाळवाणं, वेळखाऊ, पण खरं काम. तरी लोकांच्या डोळ्यांत भरलं ते यंत्रच.

नळ्या काय मोजतात

आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास ‘लाय डिटेक्टर’ लिहितात. हे नावच दिशाभूल करणारं आहे. त्या नळ्या आणि पट्टे श्वास, घाम, नाडी आणि रक्तदाब मोजतात. खोटं बोलताना शरीरात होतो असा एकही ठरावीक बदल नाही जो भीतीने, रागाने, लाजेने किंवा नुसत्या ताणाने होत नाही. हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं हे निर्दोष माणसालाही होतं. पोलीस चौकीची पायरी पहिल्यांदा चढलेल्या कुणालाही विचारा.

हे यंत्र पोलीस खात्यातच जन्मलं. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या हाताखाली जॉन लार्सन नावाचा एक पोलीस होता आणि त्याच्याकडे शरीरशास्त्रातली डॉक्टरेट होती. रक्तदाब आणि श्वास एकाच वेळी सलग नोंदवणारं यंत्र त्याने जमवलं. ते ज्या प्रकारे वापरलं जाऊ लागलं त्यावर पुढे लार्सन स्वतःच नाराज झाला. त्याच्या यंत्राहून जुन्या पद्धतीने केलेल्या एका रक्तदाब चाचणीचा निकाल १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ‘फ्राय’ खटल्यात पुरावा म्हणून नाकारला होता आणि अमेरिकेची न्यायालयं तेव्हापासून पॉलीग्राफला बहुतेक दाराबाहेरच उभं ठेवत आली आहेत. १९८८ मध्ये तर संसदेने खासगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घ्यायला, मोजके अपवाद सोडून, मनाई केली. म्हणजे तोच तरुण किराणा दुकानात कामाला गेला तर मालक त्याला या खुर्चीत बसवू शकत नाही. सरकार मात्र या मनाईतून वगळलेलं आहे.

मग चाचणी चालते कशी? सगळ्यांत रुळलेली पद्धत तुलनेची. काही प्रश्न मुद्द्याचे असतात: अमली पदार्थ विकलेत का, गंभीर गुन्हा लपवलाय का. काही अगदी निरुपद्रवी: आज मंगळवार आहे का. आणि काही मुद्दाम घोळदार: तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या कुणाशी तुम्ही कधी खोटं बोललात का? याला ‘नाही’ म्हणणारा माणूस जगात सापडणं अवघड, आणि परीक्षकालाही ते ठाऊक असतं. पण आधीच्या गप्पांत त्याने उमेदवाराला अशा कोपऱ्यात आणलेलं असतं की ‘हो’ म्हणायची सोय उरत नाही. गृहीतक असं की प्रामाणिक माणूस या घोळदार प्रश्नांना जास्त दचकेल आणि अपराधी माणूस मुद्द्याच्या प्रश्नांना. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवून गुण द्यायचे.

यातली अडचण थोडा विचार केला की दिसते. ज्याने मनमोकळेपणाने सगळं आधीच सांगून टाकलं, त्याला घोळदार प्रश्नाची भीतीच उरत नाही. मग त्याच्या आलेखात उठून दिसतो तो मुद्द्याचा प्रश्न, कारण नोकरी त्याच प्रश्नावर अवलंबून आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. ‘तुम्ही कधी अमली पदार्थांची तस्करी केलीत का?’ हे एखाद्या अनोळखी माणसाने गंभीर चेहऱ्याने, चौथ्यांदा विचारलं, तर आयुष्यात सिगरेटही न ओढलेल्या मुलाच्या बोटांना घाम फुटू शकतो.

उलट ज्याला खरंच काही लपवायचं आहे त्याला तयारी करता येते. सीआयएमध्ये राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा अल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलीग्राफ चाचण्या पार करून गेला. केजीबीने त्याला दिलेला सल्ला अगदी घरगुती होता: रात्री नीट झोप घे, शांत राहा, परीक्षकाशी गोडीने वाग. १९९४ मध्ये तो पकडला गेला तो पैशांच्या मागावरून आणि जुन्या पद्धतीच्या तपासातून.

सीबीपीच्या भरतीला रंग चढला तशी ‘पॉलीग्राफ पास करा’ अशी शिकवणी घेणारेही पुढे आले. सरकारने त्यांच्यावर खटले भरले. स्वतः पॉलीग्राफ परीक्षक राहिलेला ओक्लाहोमाचा माजी पोलीस डग विल्यम्स याच्याकडे सरकारी माणसं गिऱ्हाईक बनून गेली. आपण काय लपवणार आहोत हे त्यांनी त्याला सांगितलं, तरी त्याने शिकवलं. २०१५ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा लपवायला मदत करणं चूकच, त्याबद्दल दुमत नाही. पण श्वास कधी धरायचा आणि कुठले स्नायू आवळायचे हे शिकून जी चाचणी वाकवता येईल अशी खुद्द सरकारलाच भीती वाटते, तिच्या निकालावर हजारो मुलांच्या चारित्र्याचा निवाडा कसा करायचा?

दहा हजारांत दहा

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने पॉलीग्राफवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. समितीचे अध्यक्ष संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फिनबर्ग होते. अणुप्रयोगशाळांतल्या कर्मचाऱ्यांची सरसकट चाचणी घ्यावी का, या वादातून ते काम सुरू झालं. त्यातलं एक कोष्टक प्रत्येक भरती अधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

समजा, दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर आहेत. पॉलीग्राफची अचूकता उदारपणे, संशोधनात दिसते त्याच्या वरच्या टोकाची धरू. दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाळण बारीक केली, तर नापास होतात १६०६ माणसं. त्यांत हेर ८ आणि निर्दोष १५९८. दोन हेर तरीही पास. निर्दोषांना त्रास नको म्हणून चाळण मोकळी केली, तर नापास होतात ४१ जण, त्यांत निर्दोष ३९ आणि हेर दोनच. बाकीचे आठ हेर दाखला घेऊन बाहेर पडतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण म्हणतो. इथे एका सुक्या काटकीमागे दोनशे ओल्या जळतात, आणि आग कमी करावी तर सुकी काटकीच वाचते. समितीचा निष्कर्ष सरळ होता: सरकारी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा चाळणीसाठी विसंबून राहावं एवढी ही चाचणी अचूक नाही.

सात वर्षांनी संसदेने सीबीपीसाठी तीच चाचणी कायद्याने सक्तीची केली.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. हेर दहा हजारांत दहा असतील, पण सीमा दलाच्या उमेदवारांत काहीतरी लपवणारे त्याहून कितीतरी जास्त असणार. कुणी नशा केलेली, कुणी माल पोहोचवलेला, कुणाचे नातेवाईक टोळीत. दोषी जितके जास्त, तितकं नापासांमधलं निर्दोषांचं प्रमाण कमी होतं. हे गणित बरोबर आहे आणि चाचणीच्या समर्थकांचा हा मुद्दा मला पटतो. अडचण अशी की नापास झालेल्यांपैकी ज्यांनी काहीच कबूल केलं नाही, त्यांच्यातले दोषी किती आणि निर्दोष किती, हे तपासायला उत्तरपत्रिकाच नाही. आलेख वाकडा आला, माणूस बाहेर गेला, विषय संपला. त्याच्याबाबतीत पुढे कुणी खरं-खोटं करत नाही, त्यामुळे परीक्षकाला आपण चुकलो हे कधी कळायचंही कारण नाही.

कबुलीचं मोल

तरीही या खोलीत काहीच हाती लागत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सीबीपीच्या चाचण्यांत उमेदवारांनी दिलेल्या कबुल्यांची यादी पुढे उघड झाली आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. सीमेपलीकडून अमली पदार्थ आणल्याची, माणसांची तस्करी केल्याची, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंध असल्याची कबुली लोकांनी नोकरी मागताना दिली. ही माणसं गणवेशात गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी टाळणार नाही. चाचणी सक्तीची करणाऱ्यांची भीती पोकळ नव्हती.

पण नीट पाहिलं तर हे सगळं बाहेर आलं माणसांच्या तोंडातून. आलेखाने ते सांगितलं नाही. यंत्र खोटं पकडतं या समजुतीच्या धाकाने उमेदवार बोलला. अनुभवी परीक्षक हे जाणतात. नळ्या बांधायच्या आधीची मुलाखत तासभर किंवा त्याहून लांबते आणि खरं काम बऱ्याचदा तिथेच होतं. कबुली आली की ती पडताळता येते: तारीख, जागा, साथीदार, नोंदी. अशा कबुलीवरून कुणाला नाकारलं तर माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती कबुली नसताना, दुसरा एकही कागद विरोधात नसताना, केवळ रेघेवरून नाकारण्याला.

२०१७: आकडा उघड्यावर येतो

जानेवारी २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सीबीपीची आकडेवारी छापली. पॉलीग्राफला बसलेल्या दर तीन उमेदवारांपैकी दोघे नापास होत होते. वृत्तसंस्थेने माहितीच्या अधिकारासारख्या कायद्यांखाली आठ इतर पोलीस यंत्रणांकडूनही आकडे मागवले होते. त्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक नापास सीबीपीत होते. नापास झालेल्यांत सैन्यात किंवा पोलिसांत वर्षानुवर्षं नोकरी केलेले लोक होते. काहींनी सांगितलं की चाचणी तासन्‌तास चालली, परीक्षक आवाज चढवून बोलला, न केलेल्या गोष्टी कबूल करायला भाग पाडू लागला.

नेमक्या त्याच महिन्यात, २५ जानेवारीला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बॉर्डर पेट्रोलमध्ये ५००० जादा जवान भरायचा आदेश काढला. आधीच्याच मंजूर जागा रिकाम्या होत्या. सीबीपी ज्या गृहसुरक्षा खात्याखाली येते, त्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्याच्या अंतर्गत तपासनिसांनी, त्या वर्षी हिशेब मांडला की ५००० जवान मिळवायला साडेसात लाख अर्ज लागतील. म्हणजे एका जागेला दीडशे.

नापासांचं प्रमाण सीबीपीतच एवढं का, यावर दोन उत्तरं दिली गेली. टीकाकार म्हणाले, परीक्षक कठोर आणि पद्धत सदोष. समर्थक म्हणाले, इतर यंत्रणा आधीच्या पायऱ्यांवर माणसं गाळतात, आमच्याकडे नको ते लोकही पॉलीग्राफपर्यंत पोहोचतात. मला दोन्हींत तथ्य दिसतं, आणि दुसऱ्या उत्तराला तर सरकारी पुरावाच आहे. महानिरीक्षकांच्या ऑगस्ट २०१७ च्या इशारापत्रात म्हटलं आहे की २०१३ ते २०१६ या चार आर्थिक वर्षांत, यंत्र लावायच्या आधीच गंभीर गैरकृत्य कबूल केलेल्या उमेदवारांच्याही २३०० हून जास्त चाचण्या पूर्ण करण्यात आल्या आणि त्यावर सुमारे ५१ लाख डॉलर गेले. ज्याने तोंडाने सांगितलं की मी अपात्र आहे, त्याला नळ्या बांधून परत विचारायचं, आणि त्याच दिवशी एखादा निवृत्त सैनिक तारखेची वाट पाहत बसलेला.

संसदेतही हालचाल झाली. परमगुप्त माहिती हाताळायची चालू परवानगी असलेल्या काही माजी सैनिकांना चाचणीतून सूट द्यायची मुभा डिसेंबर २०१६ च्या संरक्षण कायद्यातच मिळाली होती. ती आणखी रुंद करायचं विधेयक ॲरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक यांनी सिनेटमध्ये आणि त्याच राज्याच्या मार्था मॅकसॅली यांनी प्रतिनिधिगृहात मांडलं: पूर्वी पॉलीग्राफ झालेले पोलीस आणि अनेक वर्षं निष्कलंक नोकरी केलेले सैनिक या खुर्चीत बसवायला नकोत. ७ जून २०१७ रोजी प्रतिनिधिगृहाने ते २८२ विरुद्ध १३७ मतांनी मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की घाईच्या भरतीत चाळण सैल केली की काय होतं, हे आपण आधीच्या दशकात पाहिलंय. याच विरोधाला मी हसू शकत नाही, तो अनुभवातून आला होता.

दलाने स्वतः एक बदल केला. त्याच वर्षी जुन्या नमुन्याऐवजी दुसरा, आटोपशीर नमुना प्रयोग म्हणून वापरायला सुरुवात झाली. हेरगिरी शोधण्यासाठी वापरात असलेल्या एका चाचणीवरून तो बेतला होता आणि त्यात ‘भ्रष्टाचार’ जोडलेला होता. त्या मूळ चाचणीत घोळदार प्रश्नांची जागा वेगळ्याच युक्तीने घेतलेली असते: अमुक प्रश्नाला खोटं उत्तर दे, असं परीक्षकच उमेदवाराला सांगतो आणि त्या ठरवून बोललेल्या खोट्याशी बाकीची उत्तरं ताडतो. चाचणी लवकर संपू लागली आणि पास होणारेही वाढले. यावर समर्थक घाबरले की नको ते लोक आत येतील आणि टीकाकार म्हणाले, बघा, प्रश्नांचा नमुना बदलला की माणसांचा प्रामाणिकपणा बदलतो. मला दुसरं म्हणणं अधिक बोचतं. त्याच गावातली, त्याच वयाची दोन मुलं, एक एप्रिलमध्ये बसलेला आणि एक डिसेंबरमध्ये. दोघांच्या चारित्र्यावरचे शिक्के वेगवेगळे, आणि फरक फक्त तारखेचा.

भरतीसाठी ॲक्सेंचर कंपनीला दिलेलं २९.७ कोटी डॉलरचं कंत्राट हा वेगळा विषय आहे. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलर खर्च होऊन फक्त दोन उमेदवारांनी नोकरी स्वीकारल्याचं महानिरीक्षकांनी दाखवलं आणि पुढे ते कंत्राट गुंडाळण्यात आलं. अडलेली पायरी तशीच ठेवून रांगेत आणखी माणसं उभी केली की असंच होणार.

संमतीचा कागद

कायदा अमेरिकेच्या संसदेत घोळत होता त्याच वर्षी, ५ मे २०१० रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने सांगितलं की नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलीग्राफ यांपैकी काहीही कुणावर सक्तीने लादता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे आणि मन हा माणसाचा खासगी प्रदेश आहे. स्वेच्छेने द्यायची तर संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकिलाचा सल्ला मिळू द्यायचा. हा निकाल गुन्ह्याच्या तपासाबद्दलचा आहे, भरतीबद्दलचा नाही, हे लक्षात ठेवूनच मी तो इथे आणतोय. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या खुर्चीलाही लागू पडतो: संमती म्हणजे काय?

सीबीपीचा उमेदवारही संमतीपत्रावर सही करतो. चाचणी ऐच्छिक आहे असंच त्याला सांगितलं जातं. सही नाही केली तर अर्ज तिथेच संपतो. ज्याने या नोकरीच्या आशेवर वर्षभर वाट पाहिली, कदाचित जुनी नोकरी सोडायची तयारी केली, त्याच्या सहीला मी मोकळी संमती म्हणू शकत नाही. खुनाच्या संशयिताला आपल्याकडे जेवढं संरक्षण आहे, तेवढंही या मुलाला नाही. सोबत वकील नाही, आलेख दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची सोय नाही, आणि नापास झाल्यावर न्यायालयात दाद मागावी तर नोकरीवर हक्कच प्रस्थापित झालेला नसतो.

मी या दलाच्या जागी असतो तर काय केलं असतं? यंत्र कदाचित काढलं नसतं, कारण त्या खोलीतल्या कबुल्या मी वाचल्या आहेत. पण क्रम उलटा केला असता. आधी कागद, बँक, शेजार, जुने मालक. ज्यांनी आधीच अपात्रता कबूल केली त्यांना तिथेच थांबवायचं. मुलाखत प्रशिक्षित माणसाने घ्यायची आणि तिचं पूर्ण ध्वनिमुद्रण ठेवायचं. आलेख संशयास्पद आला तर त्याचा अर्थ एवढाच धरायचा की या मुद्द्याचा आणखी तपास हवा. तपासात काही सापडलं नाही तर उमेदवार पुढे गेला पाहिजे. आणि जेवढा पैसा परीक्षकांवर जातो, तेवढाच नोकरीत असलेल्यांच्या पाच वर्षांच्या फेरतपासणीवर घालायचा. टोळ्या काही फक्त भरतीच्या दिवशी येत नाहीत. दहा वर्षं चोख नोकरी केलेला माणूसही कर्ज, जुगार, नवं नातं यांतून अकराव्या वर्षी फुटतो आणि त्याने भरतीच्या वेळी दिलेल्या प्रत्येक उत्तराचा आलेख त्या दिवशी अगदी खरा असतो.

नापास झालेला मुलगा घरी जातो. काही दिवसांनी अगदी थोडक्या ओळींचं पत्र येतं. आईवडिलांना, बायकोला तो काय सांगणार? शारीरिक चाचणीत पडलो, हे सांगता येतं. लेखीत गुण कमी पडले, हेही सांगता येतं. पॉलीग्राफमध्ये नापास झालो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काहीतरी सरकतं आणि ते त्याला दिसतं.

मग तो दुसऱ्या गावच्या पोलीस खात्यात अर्ज करतो. तिथल्या लांबलचक फॉर्ममध्ये अनेकदा एक रकाना असतो: यापूर्वी तुमची पॉलीग्राफ चाचणी झाली आहे का, कुठे, निकाल काय? ती चाचणी इथल्या नोंदीत दिसेलच असं नाही. रकाना कोरा ठेवला तर बहुधा कुणाला कळणारही नाही. तो पेन उचलतो, वर्ष लिहितो, खात्याचं नाव लिहितो आणि निकालाच्या जागी ‘नापास’ लिहितो.